ओल्द्रिखची जागा

पहिल्याच जेवणाला मी भरल्या ताटावरून उपाशी उठलो. कामेनित्से गावातल्या त्या स्वयंपाकघरात आधी सूप झाले, मग सासूबाईंनी, द्राहोमिरांनी, माझ्यापुढे सात उकडलेले गोळे ठेवले. पोटात अख्खे आलुबुखार, अंगावर लोणी आणि साखर. मी पडलो सुसंस्कृत माणूस. या लोकांत गोड आधी वाढण्याची रीत असावी असे समजून मी दोनच खाल्ले, आणि खऱ्या जेवणासाठी पोटात जागा राखून हात जुळवून बसलो. अर्धा तास बसलो. खरे जेवण माझ्या डोळ्यांदेखत येऊन गेले होते.

माझे सासरे ओल्द्रिख आपल्या ताटाच्या काठावर आलुबुखाराच्या बिया ओळीने मांडत होते. एकोणीस. त्यांच्या मुलाच्या, लुबोशच्या, ताटात बावीस. त्या घरात पुरुषाची किंमत बियांवरून ठरे, आणि बी खोटे बोलत नाही.

"दोन?" द्राहोमिरा माझ्या ताटावर वाकल्या. "आजारी आहे का हा?"

"तिकडे पेरू देशात चिमणीएवढं खात असतील," लुबोश म्हणाला.

"ब्लांका," ओल्द्रिख लेकीकडे न बघता म्हणाले, "अख्ख्या जगात तुला हाच सापडला?"

माझे नाव एवारिस्तो. तेही त्यांना लांब वाटले. त्यांनी ते कापून, ठोकून, आपल्या मापाचे 'एव्झेन' करून घेतले. मी हरकत घेतली नाही. ज्याच्या ताटात दोनच बिया त्याने नावासाठी भांडू नये.

त्या दिवसापासून मी तपश्चर्येला बसलो. ऋषी अन्न सोडून तप करतात. मी अन्न गिळून केले. क्नेद्लिक खाल्ले. कणकेचा हा उकडलेला, पांढरा, निर्विकार दंडगोल सुरीने कापला तर घरात सुतक पडते, म्हणून त्याला दोऱ्याचा फास लावून कापतात. मलईदार रश्श्यात बुडालेले गोमांस खाल्ले. त्यावर फेटलेल्या सायीचा ढग, ढगावर आंबटगोड मुरंबा, जणू गाईच्या श्राद्धाला कुणी वाढदिवसाचा केक आणला आहे. कांदा आणि व्हिनेगर यांत आठवडाभर ठेवलेले सॉसेज खाल्ले. त्याला इथे सरळ 'बुडालेला' म्हणतात आणि वर बिअर पितात. शोक करण्याची ही पद्धत मला आवडली. ओलोमौत्सचे ते पिवळे, तुकतुकीत चीज खाल्ले, ज्याचा वास प्रवाशाच्या आधी गाडीतून उतरतो. ज्या डोंगरांत बटाट्याच्या शेकडो जाती पिकतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव असते, त्या डोंगरांतून मी आलो होतो. इथे बटाट्याच्या कपाळी एकच भविष्य लिहिलेले होते: किसले जाणे, मळले जाणे आणि गोळा होणे. त्याच्याकडे पाहताना मला माझ्याविषयी फार बोलावेसे वाटत नसे.

अकरा वर्षांत अठरा किलो वाढलो. आलुबुखारांच्या मोसमात चोवीस बियांपर्यंत पोचलो. ओल्द्रिख म्हणाले, "बरं आहे." या प्रदेशात ही स्तुतीची शेवटची पायरी आहे; तिच्यावर फक्त मृत्युलेख असतो.

पण मला जे हवे होते ते ताटात नव्हते. मला जागा हवी होती.

त्या गावात जागा म्हणजे जमीन नव्हे. जमीन कुणीही विकत घेतो. जागा म्हणजे रानातला तो कोपरा जिथे दरवर्षी, जवळपास त्याच दिवशी, त्याच झाडांच्या पायाशी अळंबी उगवते. ती बापाकडून मुलाकडे जाते. बायकोला सांगत नाहीत, पाद्र्याला सांगत नाहीत. रानाच्या वाटेवर दोन माणसे भेटली की एक विचारतो, "उगवतायत का?" आणि दुसरा, ज्याच्या टोपलीत दहा किलो अळंबी नेच्याच्या पानांखाली श्वास रोखून पडलेली असते, म्हणतो, "कुठलं काय! कोरडं ठाक." पहिल्यालाही ठाऊक असते, दुसऱ्यालाही. दोघे समाधानाने पुढे जातात. इतक्या निर्मळ मनाने खोटे बोलणारे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

ओल्द्रिखच्या जागेची गावात कथा झाली होती. ती लुबोशला मिळायची, पण त्याने एकदा रानाच्या कडेला बापाच्या टोपलीतल्या चाळीस अळंब्यांचा फोटो काढून साऱ्या जगाला दाखवला, आणि फोटोत मागे चर्चचा कळस दिसत होता. त्या कळसावरून दिशा काढता येते, असे म्हणत ओल्द्रिख त्याच्याशी दोन महिने बोलले नाहीत. ब्लांकाला मिळणार नव्हती, कारण मुली नवऱ्यांना सांगतात. उरला तो नवरा. ज्या दिवशी ओल्द्रिख मला म्हणतील, "उद्या पहाटे बूट घालून ये," त्या दिवशी मी या घरातला होईन. तोवर मी जेवायला आलेला माणूस. पासपोर्ट मला सरकारने चौथ्या वर्षीच दिला होता. सरकारला त्यासाठी माझ्या ताटातल्या बिया मोजाव्या लागल्या नाहीत.

आणि मग मी स्वतःच्या हाताने सगळे घालवले. हाताने कशाला, जिभेने.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी द्राहोमिरा कुबा करतात. सोललेले जव, भिजवलेली सुकी अळंबी, लसूण, मरवा, डुकराची चरबी. सगळे भट्टीत तासभर. रंग ओल्या मातीचा, वास रानाचा. कार्प मासा नंतर येतो आणि त्याचा खवला बरकतीसाठी प्रत्येकाच्या ताटाखाली ठेवतात, पण सणाचा गाभा कुबा. द्राहोमिरा पहिला घास घेतात, डोळे मिटतात आणि दरवर्षी तेच म्हणतात, "आपलं रान. हजारांत ओळखीन." मग सगळे खातात आणि कुणाचेच लक्ष चवीकडे नसते, कारण प्रत्येक जण आपल्या बालपणीचा कुबा खात असतो.

माझ्याकडे तसले बालपण नव्हते. माझ्याकडे फक्त भीती होती, आणि भिऊन खाणाऱ्याची जीभ फार तल्लख असते. तीन नाताळांपूर्वी मला पहिल्यांदा वाटले की काहीतरी सरकले आहे. चवीतल्या रानात पूर्वी जी एक थंड, तळघरासारखी सावली होती तिच्याऐवजी आता राळेचा, कोरड्या उन्हाचा वास होता. दुसऱ्या वर्षीही तेच. गेल्या वर्षी, दोन प्याले आलुबुखाराच्या दारूनंतर, मी जाणकाराच्या थाटात विचारले:

"बाबा, जागा बदललीत का?"

काटे थांबले. जेवणाच्या टेबलावर, बायकांसमोर, 'जागा' हा शब्द उच्चारणे म्हणजे भर चर्चमध्ये कपडे उतरवणे.

"जागा," ओल्द्रिख म्हणाले, "माझ्या आजापासून बदलली नाही."

"आता हा शिकवणार आम्हाला चव," लुबोश खिदळला. "दोन बिया!"

द्राहोमिरांनी माझ्याकडे पाहिले. त्यानंतर वर्षभर ओल्द्रिख माझ्याशी हवा, बूट आणि बसचे वेळापत्रक यांपलीकडे बोलले नाहीत. अठरा किलोंची माझी पुंजी एका वाक्यात बुडाली.

या सप्टेंबरात लुबोशने मला आपल्या गॅरेजात बोलावले आणि दार लावून घेतले.

"हे बघ. बाबाच्या टोपलीच्या अस्तरात घातलंय." फोनवर गावचा नकाशा होता आणि त्यावर एक निळा ठिपका. "कुत्रा हरवू नये म्हणून गळ्यात बांधतात ना, ते यंत्र."

"वडिलांना?"

"मग काय करू? उद्या मेला तर जागा घेऊन जाईल बरोबर! आता नीट बघ. मंगळवार. पहाटे पाचला निघतो, रानाच्या कडेपर्यंत जातो, दहा मिनिटं थांबतो. मग बस. मग यिह्लावा शहर. मोठ्या चौकात चाळीस मिनिटं, आणि घरी. पुढचा मंगळवार, तेच."

"मग?"

"मग काय मग? बाई आहे."

"बहात्तराव्या वर्षी?"

"टोपली घेऊन जातो रे! रिकाम्या हातानं कोण जातं बाईकडं?"

"पण टोपली तर भरून आणतात."

लुबोश विचारात पडला. "म्हणजे ती देते," तो हलक्या आवाजात म्हणाला. "अळंब्या देते. काय बाई असेल, एव्झेन!" क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर निखळ आदर उमटला, मग त्याला आपण मुलगा असल्याची आठवण झाली. "नाताळात सगळ्यांसमोर आईला सांगणार मी. लपवाछपवी नको घरात."

ज्या घरात तीन पिढ्या एका झाडाचा पत्ता लपवत आल्या, त्या घरात हे वाक्य ऐकून मला हसायला हवे होते. हसू आले नाही. मी म्हणालो, "मला एक मंगळवार दे. मी शिकवतो ती शाळा तिथेच आहे."

यिह्लाव्याच्या चौकात मंगळवारी बाजार भरतो. मी पहिल्या तासाची मुले व्याकरणाच्या हवाली करून गेलो, आणि मला बाई दिसली. साठीची, डोक्याला रुमाल, पुढ्यात अळंब्यांचे खोके. तिच्यासमोर ओल्द्रिख उभे होते. एक अळंबी त्यांनी तान्ह्या मुलाच्या टाळूसारखी नाकाशी धरली होती.

"ही नको. पोखरलीय आतून."

"आजोबा, दर मंगळवारी परीक्षा घेता माझी. निकाल कधी लावणार?"

"गप गं. साठ वर्षं रानात काढलीत मी."

"मग रानातच जा की!"

ओल्द्रिखचा हात हवेत थांबला. बाईला काही कळले नाही. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्यांनी निवडलेल्या अळंब्या टोपलीत रचल्या, मग कोटाच्या खिशातून एक पिशवी काढली, तिच्यातून ओले शेवाळ आणि नेच्याची पाने काढली आणि टोपलीवर पांघरली, एखाद्या झोपलेल्याच्या तोंडावरून चादर ओढावी तशी. रानाच्या कडेची ती दहा मिनिटे कशासाठी होती ते मला उमगले. शेवटी खिशातला सुरा काढून त्याचे पाते त्यांनी शेवाळाच्या मातीत माखले. इतक्या निगुतीने केलेले खोटे पाहून माझ्या आतले काहीतरी टोपी काढून उभे राहिले.

वळताना त्यांनी मला पाहिले.

"एव्झेन. शाळा नाही तुला?"

"मधली सुट्टी आहे."

"मग भूक लागली असेल."

या देशात लाजेवर एकच औषध आहे आणि ते बशीत येते. आम्ही समोरच्या बिअरखान्यात बसून एकेक बुडालेला खाल्ला. ओल्द्रिखनी कांद्याची शेवटची चकतीही संपवली. मग पुढे सरकवलेल्या बशीकडे बघत म्हणाले, "बूट कसले आहेत पायात?"

"शाळेचे."

"चालतील. चल."

मी शाळेत फोन करून सांगितले की पोट बिघडले आहे. अकरा वर्षे ज्या पोटाने निमूट सगळे सोसले, त्याच्यावर घेतलेला हा पहिला आळ.

बसने आम्ही गावाबाहेर उतरलो. प्रार्थनेच्या लहान खोपटामागून चढलो, दोन ओढे ओलांडले. वाटेत ओल्द्रिख तीनदा वळून मागे बघत होते, कुणी पाठलाग करीत नाही ना. माझे हृदय कुणा मुंज होणाऱ्या मुलासारखे उडत होते. या क्षणासाठी मी काय काय गिळले होते! मग झाडे संपली, आणि ते थांबले. मला वाटले, दम खाताहेत.

"हीच," ते म्हणाले.

समोर टेकडीचा अख्खा उतार बुंध्यांनी भरला होता. करवतीने कापलेले, राखाडी पडलेले शेकडो बुंधे, जणू पाहुणे उठून गेलेल्या पंगतीतले पाट. मध्ये करवंदीसारखी काटेरी झुडपे आणि गवत. ओळीने तीन कोरडे उन्हाळे गेले, साल पोखरणारा किडा आला, स्प्रूसचे, सुईसारख्या पानांच्या झाडांचे, रान उभेच्या उभे वाळले, आणि यंत्रे येऊन ते घेऊन गेली. तीन मैलांवरूनही दिसेल अशा त्या उघड्यावागड्या टेकडीवर ओल्द्रिखनी चौथ्यांदा आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला.

"त्या बुंध्यापाशी बापानं मला आणलं. अकरा वर्षांचा होतो. म्हणाला, आधी मागं बघायचं, मग वाकायचं."

अकरा वर्षे मी ज्या सिंहासनासाठी खपलो, ते मला मिळाले तेव्हा राज्य उठून गेले होते. विनोद चांगला होता. फक्त तो सांगायला समोर दुसरे कुणी नव्हते, आणि जो होता त्याचा खालचा ओठ थरथरत होता.

"बाबा, सांगून टाका ना घरी. झाडं तुम्ही थोडीच खाल्लीत?"

"कुणाला सांगू? शेजारच्या व्होइत्येखला? चाळीस वर्षं त्याला म्हणतोय, कुठलं काय, कोरडं ठाक. आता खरंच कोरडं पडलं म्हटलं तर पोट धरून हसेल." त्यांनी नाक पुसले. "आणि द्राहोमिराला काय सांगू? ती डोळे मिटून म्हणते, आपलं रान. तिला म्हणू, नाही गं, हे बाजारातलं आहे, तुला तीन वर्षं कळलं नाही?"

"मग मला का दाखवता?"

"तुला कळलं म्हणून." ते बुंध्यावर बसले, मलाही शेजारच्यावर बसवले. "घरातली बाकीची तोंडं गिळतात. तुझं चाखतं. गेल्या नाताळात मला घाम फुटला होता. शिवाय माझे डोळे गेलेत आता." त्यांनी टोपली माझ्या मांडीवर उपडी केली. "ह्या पाइनच्या रानातल्या आहेत. पाइनची सुई जोडीनं असते, लांब. आपल्याकडची स्प्रूसची, एकेरी, आखूड. जोडसुया सगळ्या काढ. एक राहता कामा नये. अळंबी चिरायचं, सुकवायचं मी बघतो. द्राहोमिराला फक्त शिजवायचं असतं, तेही नाताळात."

मी वेचू लागलो. माझा वाचायचा चष्मा शिक्षकांच्या खोलीत राहिला होता, पण अशा राज्याभिषेकाच्या वेळी राजाने चष्मा शोधू नये असे मला वाटले. डोळे बारीक करून, बोटांच्या अंदाजाने, मी एकेक जोडी काढून वाऱ्यावर सोडत गेलो. ओल्द्रिखनी खिशातून मूठभर आखूड सुया काढून टोपलीत शिंपडल्या, मिठासारख्या, चवीपुरत्या.

उतरताना ओढ्यापाशी व्होइत्येख भेटला. त्याने आमच्याकडे पाहिले, टोपलीकडे पाहिले.

"उगवतायत का?"

ओल्द्रिखनी माझ्याकडे बघितले.

"कुठलं काय, व्होइत्येख!" मी म्हणालो. "कोरडं ठाक."

"आणि हे झाकलंय ते?"

"नेचे आहेत. सासूबाईंचे पाय सुजतात, शेकायला."

व्होइत्येख समाधानाने पुढे गेला. ओल्द्रिख बाजूला थुंकले आणि म्हणाले, "बरं आहे."

लुबोशला मी सांगितले की बाबा यिह्लाव्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात आणि आईने काळजी करू नये म्हणून बोलत नाहीत.

"म्हणजे बाई नाही?" त्याचा चेहरा पडला.

"आहे की. साठीची आहे. डोळ्यांत थेंब घालते."

"आणि अळंब्या?"

"त्या रानातल्याच. परतताना खुडतात."

"पण ठिपका तर सरळ घरी..."

"लुबोश, कुत्र्याचं यंत्र आहे ते. कुत्रा अळंब्या खुडत नाही." हे त्याला पटले. त्याला नेमके काय पटले हे मला आजही कळलेले नाही.

नाताळची संध्याकाळ. ताटांखाली खवले, खिडकीवर वाफ. कुबाचे खोल भांडे मधोमध आले, काळपट, कडांना करपलेले. द्राहोमिरांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. "आपलं रान," त्या म्हणाल्या. "हजारांत ओळखीन." ओल्द्रिख आपल्या काट्याकडे बघत होते.

"काय, एव्झेन?" लुबोश म्हणाला. "गेल्या वर्षी मोठा चवीचा पंडित झाला होतास. यंदा काय म्हणते जीभ?"

सगळे थांबले. ब्लांकाने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मी घास तोंडात घेतला आणि सावकाश चावला. राळ. ऊन. परक्या रानातला तो लांबलांब, मोकळा उजेड. यात आमच्या टेकडीची सावली कुठेही नव्हती, आणि ती आता कुठेच नव्हती, हे त्या टेबलावर आम्हा दोघांनाच ठाऊक होते. ओल्द्रिखचा काटा ताटाला लागून बारीक किणकिणत होता.

"मी गेल्या वर्षी फार प्यालो होतो," मी म्हणालो. "तीच जागा आहे. सावलीतली. तळघराचा वास आहे तिला."

किणकिण थांबली. ओल्द्रिखनी माझा प्याला भरला, काठोकाठ, आणि पहिल्यांदाच लुबोशच्या आधी.

जेवणानंतर मी ताटे घेऊन स्वयंपाकघरात गेलो. द्राहोमिरा उद्याच्या क्नेद्लिकाचा गोळा थापत होत्या. ज्या वाडग्यात त्यांनी सकाळी सुकी अळंबी भिजवली होती तो अजून खिडकीत होता, तळाशी तपकिरी पाणी. ताटे ठेवताना माझी नजर त्यांच्या हाताशेजारी गेली. ओट्यावर, पीठ झटकून केलेल्या स्वच्छ चौकोनात, एक लांब सुई ठेवली होती. जोडसुई. तिच्याशेजारी, काचेच्या छोट्या बरणीत, तशाच आणखी, गेल्या नाताळांच्या, वाळून लालसर झालेल्या.

बाहेरच्या खोलीत ओल्द्रिख खुशीत येऊन लुबोशला बापाने घातलेली शपथ सांगत होते, जागा सोडून बाकी सगळे.

द्राहोमिरांनी हात पुसले, नवी सुई उचलून बरणीत टाकली, झाकण लावले आणि बरणी मिठाच्या डब्यामागे सारली. मग भांड्यात उरलेला कुबा, कडेचा करपलेला भाग, जो आजवर फक्त ओल्द्रिखना मिळत असे, त्यांनी खरवडून एका बशीत काढला आणि माझ्यापुढे धरला.

"खा," त्या हळूच म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी चष्मा लावून वेच."